शेवंतामावशींचा हलका हात

शेवंतामावशींनी एखाद्याला दवाखान्याच्या पायरीवर, उजेडात बोलावलं, की समजायचं काहीतरी बिनसलंय. त्या पेशंटला सूर्याकडे तोंड करून उभं करायच्या, खालची पापणी बोटाने हलकेच ओढायच्या आणि डोळ्यातल्या पांढऱ्याकडे बघत राहायच्या. दहा-बारा सेकंदंच असतील, पण समोरच्याला ती फार लांब वाटायची. मग त्या आत वळायच्या आणि मला म्हणायच्या, "बाय, याचं रक्त घे."

बाय म्हणजे मी, नीला. चौऱ्याऐंशी साली लॅबचा डिप्लोमा घेऊन मी डोंबिवलीहून रोज ठाण्याला यायला लागले. स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत खाडीच्या अंगाला, आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्याच्या मागच्या अर्ध्या खोलीत माझी लॅब. लॅब म्हणजे एक मायक्रोस्कोप, एक हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज आणि मी. माझं वय बावीस, आणि त्या वयात असते तेवढी घमेंड मला होती. जे नळीत दिसत नाही ते नसतं, असं माझं ठाम मत होतं.

एकदा एक तिशीतला कारकून बोट कापलं म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला. मावशींनी त्याला इंजेक्शन दिलं, मग पायरीवर नेला, डोळे पाहिले आणि माझ्याकडे पाठवला. मी कावीळ तपासली. अगदी नॉर्मल. मी विजयी मुद्रेने मावशींना कागद दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता आलं असावं. म्हणाल्या, "आज नॉर्मल हाय." पाचव्या दिवशी तो माणूस भावाच्या खांद्यावर हात टाकून आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या कॉलरलासुद्धा पिवळट झाक होती. मी त्याची नळी उजेडात धरली आणि मागे वळले, तर मावशी माझ्या अगदी पाठीशी उभ्या होत्या. त्या दवाखान्यात अनवाणी वावरायच्या. कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळत नसे, आणि मी त्यांना किती वेळा बजावलं असेल की मावशी, खाकरून येत जा.

दिसायला त्या उंच, काळ्यासावळ्या, ताठ. जातीच्या कोळी. त्यांच्या वयाच्या बाकीच्या बायका टोपल्या घेऊन बाजाराला निघायच्या त्याच वेळी मावशी पांढरं स्वच्छ लुगडं चोपून नेसून दवाखाना उघडायला निघायच्या. शिक्षण चौथी. नवरा लवकर गेला, तो होडी उलटून. एक मुलगी होती, कुंदा. मावशी आल्या झाडलोट करायला, पण डॉक्टरांनी त्यांचा हात पाहिला आणि त्यांना इंजेक्शन द्यायला शिकवलं. तो हात सगळ्या कोपरीत प्रसिद्ध होता. रडतं पोर इंजेक्शन होऊन गेल्यावरही "कधी देणार" म्हणून रडत राहायचं. घोडबंदरकडून, माजिवड्याहून, अगदी कल्याणहून लोक यायचे, स्वतःच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधाची बाटली घेऊन. म्हणायचे, औषध आमचं, हात फक्त मावशींचा.

त्या हलक्या हाताचं रहस्य मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हा काचेच्या सिरिंजा असायच्या आणि सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या. वापरून वापरून टोक बोथट होई किंवा त्याला बारीकसा आकडा येई, आणि तो आकडा कातडीत अडकला की पेशंट किंचाळे. मावशी रोज सकाळी सगळ्या सुया बारीक दगडावर पाणी टाकून घासायच्या, मग स्टोव्हवर उकळायच्या. पुस्तकात लिहिलंय की टोक कापसावर ओढून बघावं, आकडा असेल तर तंतू अडकतो. मावशींचा कापसावर विश्वास नव्हता. त्या प्रत्येक सुई पेशंटला टोचण्याआधी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी टोचून बघायच्या. टोचताना डोळे मिटायच्या. खुपली तर सुई बाजूला, नाही खुपली तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पेशंटला. "मना दुखली तर त्यालाबी दुखंल," एवढंच त्यांचं शास्त्र होतं. अंगठ्याच्या मुळाशी बारीक काळ्या ठिपक्यांचा दाट पट्टा तयार झाला होता. मला ते पाहून भरून आलं होतं. घरी जाऊन आईला सांगितलं, की सेवा म्हणजे काय ते मी आज पाहिलं.

आणि हो, स्वतः मावशी कधीही आजारी पडत नसत. साथी आल्या, गेल्या, डॉक्टर पडले, मी तर दर पावसाळ्यात पडायची, मावशींना साधं पडसं झालेलं मला आठवत नाही. कुणी म्हटलंच तर त्या खाडीकडे बघत म्हणायच्या, मला काही होत नाही. त्यात फुशारकी नसायची. उलट तक्रार केल्यासारखा सूर असायचा.

त्याचं कारण त्यांच्या घरात होतं. मावशी माहेरीच राहायच्या, खाडीच्या काठाशी, बैठ्या कौलारू घरात. तीन भाऊ होते. थोरला मी यायच्या आधीच गेलेला. मधला मी आले त्याच वर्षी गेला. दोघंही चाळिशी ओलांडता ओलांडता, दोघंही एकाच तऱ्हेने. आधी जेवण कमी होतं, मग चपला घट्ट होतात, मग हातपाय काटक्या होतात आणि पोट तेवढं वाढत जातं. त्या घरात रोगाचं नाव कुणी घेत नसे. "पोटान पानी आलं" एवढंच म्हणायचे, खाडीला भरती आल्याची बातमी द्यावी तसं. गल्लीतले लोक म्हणायचे, त्या घरात पुरुष टिकत नाहीत. काही बायका त्याच्याही पुढे जायच्या. भाऊ वाळत जातात आणि बहीण मात्र खणखणीत, म्हणजे भावांचं आयुष्य कोण जगतंय ते बघा. याच बायका स्वतःच्या पोरांना इंजेक्शन द्यायला मात्र मावशींचाच हात मागायच्या. मला याचा फार राग यायचा.

धाकटा बाळू माझ्या देखत गेला. एका नारळी पौर्णिमेला मावशींनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. बाळू तेव्हा एकेचाळीसचा, दांडगा गडी, दारूला शिवत नसे. खाडीवर नारळ सोडून आल्यावर पोरांबरोबर तो इतका नाचला की आम्ही हसून हसून बेजार. मग घामाघूम होऊन ओट्यावर बसला आणि चपला काढल्या. मावशी त्याला पाणी द्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. चपलेच्या पट्ट्याचा वळ त्याच्या पावलावर खोल उमटला होता. त्यांनी त्या वळावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. मावशी आत आल्या, नारळीभाताचं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः काही न खाता चुलीपाशी बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाळूला पानी येतंय."

मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी बाळूला तपासलं, मी रक्त घेतलं. लिव्हर खराब आहे एवढं आम्हाला सांगता आलं. का खराब आहे ते सांगण्याची सोय आमच्या अर्ध्या खोलीत नव्हती. मोठ्या हॉस्पिटलात त्याला सारखं दारूचं विचारायचे आणि तो नाही म्हणाला की एकमेकांकडे बघायचे. शिमग्याच्या आधी तो गेला. मी भेटायला गेले तेव्हा मावशींची म्हातारी आई दारात बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याकडे बघून तिने तीन बोटं दाखवली आणि पदराआड झाकून घेतली. त्या दिवसानंतर खूप महिने मला खाडीकडच्या वाटेने जाववत नसे.

पुढे काळ बदलला. काचेच्या सिरिंजा गेल्या, एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या आल्या. सुया घासायचा दगड मावशींनी घरी ओट्यावर तुळशीच्या कुंडीखाली ठेवून दिला. टोचून बघायची गरजच उरली नाही. आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी हेपेटायटिस बी नावाच्या काविळीची लस सगळीकडे बोलली जाऊ लागली. रक्तातून पसरणारी कावीळ, दवाखान्यात काम करणाऱ्यांना धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी आम्हा तिघांसाठी लस मागवली. तीन डोस, सहा महिन्यांत. मावशींनी मला टोचलं, मी मावशींना आणि डॉक्टरांना. मावशी म्हणाल्या, तुझा हात काही हलका नाही. ते खरं होतं.

शेवटच्या डोसनंतर महिन्याने मी तिघांचं रक्त मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवलं, शरीराने प्रतिकाराची द्रव्यं किती तयार केली ते बघायला. दहाच्या वर आकडा आला की माणूस सुरक्षित, असा हिशोब. माझा आकडा चारशेच्या वर गेला होता आणि मी पुन्हा एकदा घमेंडीत आले. डॉक्टरांचा बारा, म्हणजे काठावर पास. डॉक्टर साठीचे, वजनदार, दिवसाला पाकीटभर सिगरेटी ओढणारे. ते हसत म्हणाले, "लस सगळ्यांना सारखीच शिकवते गं, पण वर्गात पोरं वेगवेगळी असतात. तान्ही बाळं सगळ्यात हुशार. तुझ्यासारखी तरुण मंडळी बरी. माझ्यासारखे म्हातारे, जाडे, बिडीबाज ते ढ. किडनीवाल्यांना तर दुप्पट शिकवणी लावावी लागते."

मावशींचा आकडा शून्य होता.

एवढ्या निरोगी बाईचा शून्य कसा, हे माझ्या डोक्यातून जाईना. मावशींनाही ते लागलं. दोनतीनदा त्यांनी विचारलं की माझ्या अंगाने काहीच कसं शिकलं नाही. तेव्हा नुकती आमच्याकडे कार्डावरची तपासणी आली होती. रक्ताचे दोन थेंब टाकायचे, एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर ती कावीळ अंगात आहे. हे लस द्यायच्या आधी करायला हवं होतं, पण कधी पडशाने न शिंकलेल्या बाईचं रक्त तपासावं असं आम्हा दोघांना सुचलंच नाही. एका दुपारी, दवाखाना रिकामा असताना, मी मावशींच्या उरलेल्या रक्ताचे दोन थेंब टाकले. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. दुसरी रेघ एका मिनिटाच्या आत आली, आणि पहिलीपेक्षा गडद होती. मान वर केली तर मावशी पाठीशी उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. मोठ्या माणसाला ही कावीळ झाली तर बहुतेकांचं शरीर तिच्याशी भांडून तिला हाकलून लावतं. पण आईकडून जन्मताच बाळाच्या अंगात शिरली, तर त्या कोवळ्या शरीराला आपलं काय आणि बाहेरचं काय हे अजून कळत नसतं. ते तिला घरातलंच समजून राहू देतं. ती तीस वर्षं, चाळीस वर्षं गप्प राहते. मग एखाद्या दिवशी लिव्हर आतून संपवते, पुरुषांचं जास्त करून. मावशींना लस लागली नाही कारण लस जिच्याशी ओळख करून देणार होती, ती पन्नास वर्षांपासून आतच बसली होती.

मावशी ऐकत होत्या. भावांबद्दल, आईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. डावा हात टेबलावर ठेवला, अंगठा वर करून, आणि डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हंजे ह्याच्यातनं?" म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "नाही, नाही." ते इतक्या झटकन म्हणाले की मी खिडकीबाहेर बघायला लागले. स्पिरिटच्या बोळ्याने काय पुसलं जातं आणि काय नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो कारकून आला, पिवळ्या कॉलरचा. त्याला ती कुठून झाली ते कुणालाच सांगता येणार नाही, धनुर्वाताच्या त्या सुईच्या आधीच ती त्याच्या अंगात आलेली असणार, पाच दिवसांत ही कावीळ होत नाही, हे मी मनाशी पुन्हा पुन्हा घोकलं. पण त्याच्या आधी तो किती वेळा मावशींच्या हातची सुई घेऊन गेला होता, हे मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी इंजेक्शन देणं बंद केलं. डॉक्टरांनी समजावलं की आता सुया नव्या असतात, धोका नाही. ऐकलं नाही. दुपारी दवाखाना बंद झाला की त्या चालायला निघायच्या. जिथे जिथे त्यांनी वर्षानुवर्षं सुया दिल्या होत्या त्या चाळी, त्या वस्त्या, त्या घरी जायच्या. हाक मारायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, आतल्या माणसाचं लक्ष जाईपर्यंत. लक्ष गेलं की म्हणायच्या, "माज्या हातची सुई तुमाला लागलीय. रगत तपासून घ्या." आणि पुढच्या दारी. भर दुपारी दारात अशी पांढऱ्या लुगड्यातली बाई येऊन गप्प उभी राहिली की लोकांची काय अवस्था होत असेल. पोरांना आत ओढून घेत. एका घरातून पाणी फेकलं. डॉक्टर वैतागले, म्हणाले की दवाखाना बंद पाडणार या. मी मात्र कार्डं मागवून ठेवली.

बरेच जण आले. जवळजवळ सगळ्यांच्या कार्डावर एकच रेघ आली. दोघांच्या कार्डावर दोन आल्या. त्या मावशींमुळेच आल्या असं सिद्ध करता येत नव्हतं, आणि नाहीत असंही. त्या दोघांतल्या एका बाईने मावशींना दवाखान्याच्या दारात शिव्याशाप दिले. मावशी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. दुसरे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, मावशींकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, दुखलं नव्हतं मात्र कधीच." मावशी मागच्या मोरीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

कुंदाचं रक्त मी सगळ्यात शेवटी तपासलं, कारण मला भीती वाटत होती. कुंदा शहाडला दिलेली, तेव्हा सातवा महिना लागलेला. दोन रेघा आल्या. मावशींनी कार्ड माझ्या हातून घेतलं आणि उजेडात धरलं. आजी, आई, मुलगी, आणि आता चौथं पोटात. डॉक्टर म्हणाले, बाळ जन्मल्याबरोबर, काही तासांत, फार तर एका दिवसाच्या आत पहिला डोस गेला पाहिजे. बाळाचं शरीर शिकायला सगळ्यात तयार असतं, फक्त आपण आधी पोचलं पाहिजे. सोबत द्यायचं आणखी एक तयार प्रतिकारद्रव्याचं इंजेक्शन असतं, पण ते आम्हाला कुठेच मिळालं नाही. नुसत्या लसीने बहुतेक बाळं वाचतात, सगळी नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मावशींनी पुढच्या दोन महिन्यांत दुसरं काहीही बोलणं सोडून दिलं. मला दिसल्या की एकच विचारायच्या, लस फ्रिजमध्ये आहे ना.

कुंदा पहाटे कल्याणच्या एका प्रसूतिगृहात बाळंत झाली. सकाळी शहाडहून तिचा दीर निरोप घेऊन आला. मुलगा झाला होता. तो पेढ्यांबद्दल बोलत होता आणि मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. मुलगा, म्हणजे त्या घरातला पुढचा पुरुष. माझ्यापुढे सकाळच्या रक्ताची रांग होती. मी फ्रिजमधून बाटली काढून मावशींच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, बर्फात ठेवून न्या, मी तासाभरात येतेच. एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य मला माहीत होतं आणि मी ते बोलले नाही, घाईत.

मी कल्याणला पोचले तेव्हा सासू खाटेच्या पायथ्याशी पाय रोवून बसली होती. पाचवीची पूजा होईपर्यंत, सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाईपर्यंत पोराला सुई लावू देणार नाही म्हणत होती. त्यात मावशींच्या घरची कीर्ती तिच्या कानावर होतीच. मावशी दाराबाहेर उभ्या होत्या, आत पाऊल न टाकता. तिथूनच म्हणाल्या, "ईहीणबाय, सटवी पाचव्या दिशी येते. माज्या घरचा रोग पयल्याच दिशी येतो. तिच्या आधी यानं लिवलं तर ती काय लिवनार?" सासूने बाळाच्या कपाळाकडे पाहिलं. मग उठून बाजूला झाली.

मावशींनी पदराखालून डबा काढला. झाकण उघडल्यावर मासळीचा वास आला. पापलेट लांबच्या बाजाराला पाठवताना कोळी लोक बर्फात जाडं मीठ घालतात, त्याने बर्फ जास्त गार होतो आणि टिकतो. मावशींनी लस त्यांच्या सगळ्यात मोलाच्या मासळीसारखी आणली होती, मिठाच्या बर्फात गाडून. नर्सने बाटली पुसली, तळव्यावर चोळली आणि सिरिंज उघडली. मी बाटली तिच्या हातातून घेतली. आतलं औषध अजून अर्धं गोठलेलं होतं.

या लसीला थंडावा लागतो, पण गोठली की ती मरते. हेच ते वाक्य, जे मी सकाळी बोलले नव्हते. खोलीतल्या कुणालाही ते माहीत नव्हतं, नर्सलाही नाही. मी गप्प बसले असते तर दोन मिनिटांत सगळं उरकलं असतं, सगळे पेढे खायला मोकळे. तशी मी क्षणभर गप्प बसलेही, याची आजही लाज वाटते. मग मी सांगितलं. मावशींचा चेहरा मला वर्णन करता येणार नाही. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मी म्हटलं की चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं. त्यांनी ते ऐकलंच नाही. फक्त विचारलं, "दुसरी?"

कल्याणात औषधांची तीन दुकानं पालथी घातली. एकाकडे नव्हती, एकाने उद्या मागवतो म्हटलं, तिसऱ्याचा फ्रिज बंद पडलेला होता. मग मी डोंबिवलीला गेले, आमच्या गल्लीतल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी स्वतःच्या फ्रिजमधली बाटली काढून दिली, थर्मासमध्ये गार पाणी भरून त्यात ठेवली आणि दोनदा बजावलं की बर्फ नको. परत पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मावशी दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. नर्सने बाळाच्या मांडीत सुई दिली. मावशींनी पाठ फिरवली होती. बाळ किंचाळून रडलं तेव्हा त्यांचे खांदे सैल झाले आणि त्या म्हणाल्या की दुखलं पाहिजे, कळलं पाहिजे त्याच्या अंगाला.

पुढचे डोस वेळेवर झाले. पण मावशींनी बाळाला हात लावला नाही. जवळ घेण्याने ही कावीळ होत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, कुंदा तर रडून सांगायची. मावशी शहाडला जायच्या, उंबऱ्याबाहेर उकिडव्या बसायच्या आणि सांगायच्या की पोराला उजेडात आण. कुंदा त्याला घेऊन दारात उभी राहायची. मावशी लांबूनच त्याच्या डोळ्यांकडे बघायच्या, नेहमीसारखं, दहा-बारा सेकंदं, आणि उठून चालू लागायच्या. सासू म्हणायची, मला नाही आवडत हे असं बघणं. खरं सांगायचं तर मलाही ते बघवत नसे.

तो वर्षाचा झाला त्या सुमाराला मावशींचं जेवण कमी झालं. मला कळायच्या आधी त्यांना कळलं असणार. पायाला सूज आली तेव्हा त्यांनी दवाखान्यात येणं थांबवलं. दिवाळीनंतर पोट दिसायला लागलं. मोठ्या हॉस्पिटलात जायला त्या तयार नव्हत्या. बाळाचं रक्त तपासायची वेळ झाली का, एवढंच विचारत राहिल्या.

मी रक्त घेतलं. कार्ड मीच केलं आणि या वेळी पंधराच्या जागी तीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. एकच रेघ. आकडा मुंबईहून आला, माझ्यापेक्षाही मोठा. मी तो कागद घेऊन तशीच खाडीकडच्या वाटेने मावशींच्या घरी गेले. कुंदा बाळाला घेऊन आदल्या दिवशीच आली होती. मावशी ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातांच्या काड्या झाल्या होत्या, डोळे पिवळे होते, आणि लुगड्याखाली ते पोट.

मी म्हटलं, "दुसरी रेघ नाही मावशी. आणि अंगाने सगळं शिकून घेतलंय. तो सुटला."

त्यांनी कागद घेतला, उलटा धरला, सुलटा केला आणि मांडीवर ठेवला. मग पदराने दोन्ही हात पुसले, बोटं एकेक करून, नीट, आणि कुंदापुढे पसरले. सव्वा वर्षात पहिल्यांदा. कुंदाने पोराला पुढे केलं. मावशींची बोटं त्याच्या कुशीला लागली मात्र, पोराने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि टाहो फोडला. आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि तोंड लपवलं. त्याला ही बाई कोण ते माहीतच नव्हतं. कुंदा रडवेली होऊन त्याला समजावत होती की अरे, आजी आहे, आपली आजी. मलाही रडू आवरेना.

मावशींनी हात मागे घेतले. "नको देऊस," त्या म्हणाल्या. "मना वळखत नाय, त्ये बेस झायलं."

पोर आईच्या खांद्याआडून त्यांच्याकडे बघत राहिलं, आणि मावशी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या गोबऱ्या पायांकडे बघत बसल्या.